अपेंडिक्स उन्हाळ्यात जास्त होतं का?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नव्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "मे महिन्यात आणि पहिल्या पावसानंतर अपेंडिक्सचे पेशंट एकामागून एक निघतात, हिवाळ्यात मात्र कोणी नसतं. हे उन्हामुळे, पाण्यामुळे की खाण्यामुळे? आणि त्या महिन्यांत आम्ही वेगळं काय करावं?"

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. उन्हाळ्यात अपेंडिक्स थोडं जास्त होतं, असं जगातल्या बऱ्याच ठिकाणच्या नोंदींत दिसलं आहे. पण हा फरक इतका बारीक आहे की एका आरोग्य केंद्राच्याच काय, तालुक्याच्या रजिस्टरातही तो नुसत्या नजरेला दिसणार नाही. ऋतूबरोबर ठळकपणे बदलतात त्या गोष्टी दोनच. एक, पोटदुखीची गल्लत कुठल्या आजाराशी होते. दोन, दुखणं सुरू झाल्यापासून पेशंट किती तासांनी तुमच्यापुढे येतो. कष्ट या दोन गोष्टींवर घ्या.

आधी हिशेब करू. अमेरिकेत १९७९ ते १९८४ या वर्षांतल्या रुग्णालयीन नोंदी तपासल्या गेल्या. दर १०,००० लोकांमागे वर्षाला सुमारे ११ रुग्ण निघाले, सर्वांत जास्त १० ते १९ या वयात, आणि उन्हाळ्यातलं प्रमाण हिवाळ्यापेक्षा साधारण ११ टक्क्यांनी जास्त. हाच दर तुमच्या केंद्राच्या ३०,००० लोकसंख्येला लावून बघा. (आपल्याकडचा दर कमी असेल, पण हिशेबापुरता तोच धरू.) वर्षाचे झाले ३३, म्हणजे तीन महिन्यांचे सरासरी आठ. उन्हाळ्याच्या तिमाहीत पावणेनऊ आणि हिवाळ्याच्या तिमाहीत पावणेआठ. फरक एका माणसाचा! आणि सरासरी आठ असलेला आकडा काहीही कारण नसताना पाच ते अकरा असा खालीवर होतच असतो. एखाद्या मे महिन्यात आठवडाभरात तीन पोरं निघाली की गावात "अपेंडिक्सची साथ आली" म्हणतात. ती साथ नसते, तो योगायोग असतो. हिवाळ्यातल्या रिकाम्या महिन्याची मात्र कोणी आठवण ठेवत नाही.

आणखी एक गंमत. फेब्रुवारीचे दिवस २८, मार्चचे ३१. नुसत्या दिवसांमुळेच मार्चमध्ये जवळपास ११ टक्के जास्त रुग्ण दिसायला हवेत. म्हणजे ज्या ऋतुमानाच्या फरकाबद्दल आपण बोलतोय, तेवढाच फरक कॅलेंडर फुकटात करून देतं. म्हणून महिन्यांची तुलना करायची तर रुग्णांना दिवसांनी भागून करा.

मे महिन्याच्या फुगवट्यामागे आणखी एक साधं कारण असतं. हिवाळ्यात सुजलेल्या अपेंडिक्सभोवती सगळं चिकटून गोळा झाला, औषधांवर बसला, आणि डॉक्टरांनी "दोन महिन्यांनी ऑपरेशन करू" असं सांगितलं, तर ते ऑपरेशन कधी होतं? परीक्षा संपल्यावर आणि कापूस विकून हातात पैसा आल्यावर. ही सगळी ठरवून केलेली ऑपरेशनं एप्रिल-मेच्या रजिस्टरात "अपेंडिक्स" म्हणूनच चढतात. ती वेगळी काढली नाहीत तर उन्हाळ्याचा आकडा फुगणारच. शिवाय पुण्या-मुंबईला कामाला गेलेली माणसं लग्नसराईत गावी असतात, दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं नसतात. गावात माणसंच कमीजास्त झाली तर रुग्णही कमीजास्त होणार.

खरंच नोंद ठेवायची असेल तर साध्या वहीत पाच रकाने पाडा: दुखणं सुरू झाल्याची तारीख आणि वेळ (दाखल झाल्याची नव्हे), वय आणि लिंग, गाव, ऑपरेशन तातडीचं की ठरवून केलेलं, आणि अपेंडिक्स फुटलेलं निघालं की नाही. शेवटचा रकाना संदर्भित केलेल्या रुग्णालयातून फोनवर विचारून भरावा लागतो, आणि नेमका तोच कोरा राहतो. निदान तीन वर्षं आणि अनेक केंद्रं मिळून ही नोंद झाली तर काही बोलता येईल. एका केंद्राच्या वहीचा खरा उपयोग वेगळाच आहे: कुठल्या गावातून, कुठल्या महिन्यांत पेशंट फुटलेल्या अवस्थेत येतात हे तिच्यातून कळतं.

आता "उन्हाळा" या शब्दाचंच बघा. कॅनडात ओंटारियोच्या नोंदींत जुलै-ऑगस्टमध्ये चढ दिसला, इटलीतही उन्हाळ्यात. पण टोरांटोचा जुलै म्हणजे तापमानाने आपला डिसेंबर: दुपारी २७-२८ अंश. नागपूर, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथल्या ४५ अंशांच्या मे महिन्याशी त्याचा काय संबंध? उलट नायजेरिया आणि घाना या आपल्यासारख्या उष्ण, पावसाळी देशांतल्या काही रुग्णालयांत पावसाच्या महिन्यांतच रुग्ण जास्त दिसले. तेव्हा "उन्हाळ्यात जास्त" हे परदेशी वाक्य जसंच्या तसं विदर्भावर बसवू नका. अमेरिकेतल्याच २००१ ते २०१७ या काळातल्या विमा नोंदींवरचा एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यात उबदार हवेत तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की अपेंडिक्सचं प्रमाण सुमारे ३ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, आणि त्यातून ऋतूचा परिणाम वेगळा काढला होता. उष्णतेचा काहीतरी हात आहे असं मानायला जागा आहे, पण ३५ अंशांपासून ४६ अंशांपर्यंत तो हिशेब तसाच ओढत न्यायला आधार नाही.

कारणाकडे वळू. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, करंगळीहून बारीक, साधारण ६ ते १० सेंटिमीटरची बंद नळी. आतली पोकळी इतकी कमी की जेमतेम एक दशांश मिलिलिटर मावेल. तोंड बंद झालं आणि आतल्या अस्तराने अर्धा मिलिलिटर स्राव सोडला, तरी आतला दाब ६० सेंटिमीटर पाण्याइतका चढतो. मग आधी शिरांमधला रक्तप्रवाह अडतो, भिंत सुजते, जंतू भिंतीत शिरतात, पुढे रक्तपुरवठाच तुटून ती जागा सडते आणि फुटते. तोंड बंद करणारे दोन मुख्य: मळाचा वाळून कडक झालेला खडा, आणि लहान-तरुण वयात भिंतीतल्या लसिका ग्रंथींची सूज. क्वचित जंत.

यावर ऋतू बसवला तर चित्र असं दिसतं. मे महिन्यात वावरात नांगरटीला, तेंदूपत्त्याला किंवा रोजगार हमीच्या कामाला गेलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी घामावाटे जातं, लघवी कमी, मळ कडक. ताज्या पालेभाज्या बाजारात नाहीत, लग्नाच्या पंगतीत बुंदी, पुरी आणि मैदा. मळाचा खडा व्हायला अनुकूल वेळ. पावसाळ्यात दुसरी बाजू: पुराचं पाणी विहिरीत उतरतं, पोटाचे विषाणू आणि जिवाणू संसर्ग वाढतात, ग्रंथी सुजतात. तर्क पटण्यासारखा आहे, पण तो तर्कच आहे. दगदग आणि उन्हाने अपेंडिक्स "होतं" असं रुग्णाला सांगू नका. माठातलं पाणी भरपूर प्या, ज्वारीची भाकरी आणि आंबील सोडू नका, हे सांगायला अपेंडिक्सचं कारण पुढे करायची गरज नाही.

बियांचं एकदाच सांगून टाकतो, कारण टरबुजाच्या दिवसांत आणि सीताफळाच्या दिवसांत हा प्रश्न हटकून येतो. तुर्कस्तानात दोन हजारांच्या जवळपास काढलेली अपेंडिक्सं तपासली तेव्हा फळाची बी सापडली ती एकात. पोराने संत्र्याची बी गिळली म्हणून त्याला जुलाबाचं औषध देऊ नका. बीपेक्षा ते औषध जास्त घातक ठरू शकतं.

गल्लतीचं बघू. तुमच्या टेबलावर खरा फरक पडतो तो इथे.

उन्हाळ्यातला पहिला बहुरूपी मुतखडा. लघवी दाट झाली की खडे हलतात, आणि उजव्या मूत्रनलिकेतला खडा अपेंडिक्सची हुबेहूब नक्कल करतो. ओळखायची खूण औषधाच्या आधी बघा: मुतखड्याचा माणूस एका जागी राहत नाही, उठतो, बसतो, लोळतो. अपेंडिक्सचा माणूस गुडघे जरा पोटाशी घेऊन गप्प पडतो, खाटेला धक्का लागला तरी तोंड वाकडं करतो. मोटारसायकलवर आणताना खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा दुखलं का, हा प्रश्न विदर्भातल्या रस्त्यांवर फुकटात मिळणारी तपासणी आहे. लघवीत थोड्या रक्तपेशी किंवा पूपेशी दिसल्या म्हणून मात्र अपेंडिक्स नाही असं ठरवू नका. सुजलेलं अपेंडिक्स मूत्रनलिकेला चिकटून असलं तरी त्या दिसतात.

उन्हाळ्यातली दुसरी चूक "लू लागली" म्हणण्याची. ओकाऱ्या, ताप, कोरडी जीभ असलं की घरचे पन्हं पाजतात, गावातला दवाखाना सलाइन लावतो. सलाइनने अंगात पाणी येतं, पेशंटला बरं वाटतं, तो घरी जातो. दुसऱ्या दिवशी पोट लाकडासारखं. उन्हाने ओकाऱ्या होतात, पण उजव्या कुशीत, म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या भागात, बोट ठेवायच्या जागी दुखत नाही. सलाइन लावलेल्या प्रत्येक ओकारीच्या पेशंटच्या पोटाला सुई काढण्याआधी एकदा हात लावाच.

पावसाळ्यात यादी वाढते आणि चुका महाग पडतात. नुसता मुरडा-हागवण आणि अपेंडिक्स यांच्यात एक नियम बहुतेक वेळा साथ देतो: अपेंडिक्समध्ये आधी दुखतं, मग ओकारी होते. ओकारी-जुलाब आधी आणि पोटदुखी मागून, तर संसर्ग जास्त शक्य. अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. ज्याचं अपेंडिक्स ओटीपोटात खाली लोंबतं, त्याला गुदाशयाला चिथावणी मिळून थोडं थोडं पातळ शौचाला होतं आणि पोटावर फारसं दुखत नाही. अशा पोराला जुलैमध्ये हागवणीची गोळी मिळते. हागवणीत भरपूर पाणीदार शौच होते. यात चमचा-दोन चमचे होते, आणि जोर मात्र सारखा येतो. गुदमार्गातून बोटाने तपासलं तर उजवीकडे दुखतं.

दुसरा सापळा विषमज्वराचा (टायफॉइडचा), खरं तर त्याच्या विडाल या रक्त तपासणीचा. आपल्याकडे विडाल कमीअधिक पॉझिटिव्ह कितीतरी निरोगी माणसांत येते. पोट दुखतंय, ताप आहे, कागदावर विडाल पॉझिटिव्ह: पाच दिवस इंजेक्शनं सुरू. या इंजेक्शनांनी अपेंडिक्सचा जोर अर्धवट दबतो आणि पाचव्या-सहाव्या दिवशी उजव्या कुशीत गोळा हाताला लागतो. क्रम विचारा. विषमज्वरात ताप आधी चढतो, दिवसेंदिवस वाढतो, पोट मागून. अपेंडिक्समध्ये पोट आधी, ताप मागून आणि सुरुवातीला बेताचाच, १०० फॅरनहाइटच्या आसपास. पांढऱ्या पेशी विषमज्वरात बहुधा कमी किंवा नेहमीइतक्या, अपेंडिक्समध्ये बहुधा १०,००० च्या वर. ऑगस्ट ते ऑक्टोबर तापाबरोबर पोटदुखी असेल तर डेंग्यू आणि स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप) हेही मनात ठेवा. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली त्या चाव्याची काळी खपली शोधा, कपडे काढून.

फवारणीच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्टपासून पुढे, पोटात कळा आणि ओकाऱ्या घेऊन शेतमजूर येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते सगळ्यांना माहीत आहे. डोळ्यांत टॉर्च मारा. बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडात लाळ, अंगाला घाम, असं दिसलं तर पोटाकडे नंतर बघा, आधी विषबाधेचे उपचार.

आणि मण्यार. ज्याने हे एकदा वाचलं त्याने विसरू नये म्हणून सविस्तर लिहितो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे दोन-तीनला पोटात दुखतंय म्हणून उठतो. ओकारी होते. चावल्याचं आठवत नाही, कारण मण्यारचा दंश जवळपास दुखत नाही आणि खूण दिसेलच असं नाही. पोट हाताला मऊ, एका जागी दुखत नाही. तासाभरात पापण्या जड होतात, गिळायला त्रास, बोलणं अनुनासिक. पहाटेच्या पोटदुखीला "वर बघ, डोळे मोठे कर, जीभ बाहेर काढ" ही तीन वाक्यं बोलल्याशिवाय इंजेक्शन देऊन घरी पाठवू नका, आणि दोन-चार तास नजरेसमोर ठेवा.

पूर्व विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा पेशंट वर्षभर येतो, पण अंगातलं पाणी कमी झालं किंवा थंडी वाढली की त्याच्या वेदनांचे झटके वाढतात. पोटदुखीही त्यात येते. पूर्वीची पोटदुखी अशीच होती का, हात-पाय-पाठ बरोबर दुखतात का, हे विचारा, कार्ड मागा, कार्ड नसेल तर सोल्युबिलिटी ही सिकलसेलची साधी रक्त तपासणी करा. दोन्ही बाजूंनी चूक होते: झटक्याला अपेंडिक्स समजून कापणं, आणि सिकलसेल आहे म्हणून खऱ्या अपेंडिक्सला झटका समजून थांबणं. सलाइन आणि वेदनाशामकांवर पसरलेलं दुखणं ओसरतं. उजव्या कुशीतलं एकाच बोटाएवढ्या जागेचं दुखणं वाढतच गेलं तर सर्जनला कळवाच, आणि चिठ्ठीवर "सिकलसेल" मोठ्या अक्षरात लिहा. ऑपरेशनच्या वेळी त्याला ऊब, पाणी आणि ऑक्सिजन कमी पडून चालत नाही.

हिवाळ्याचं फार नाही. हुरडा, ओल्या तुरीच्या शेंगा, हरभरा यांनी गॅस धरतो, तो बेंबीभोवती फिरत राहतो आणि शौचाला झालं की सुटतो. लहान पोराला ताप, खोकला, भराभर श्वास आणि पोटाच्या उजव्या बाजूला दुखणं असेल तर छातीला स्टेथोस्कोप लावा. उजव्या फुप्फुसाच्या तळाचा न्यूमोनिया पोटात दुखवतो.

कुठल्याही ऋतूत, १५ ते ५० वयाच्या बाईची लघवीची गरोदरपण तपासणी केल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि मुलाची अंडकोषाची तपासणी चुकवायची नाही. पीळ पडलेल्या अंडकोषाचं पोर लाजेपायी "पोट दुखतं" एवढंच सांगतं.

पोट तपासायचं कसं, तेही सांगतो, कारण सोनोग्राफी पन्नास किलोमीटरवर असते आणि हात तुमच्यापाशी. पेशंट उताणा, गुडघे मुडपलेले, उशी डोक्याखाली. तळवा घासून गरम करा, पावसाळ्यात थंड हाताने पोट मुद्दाम आवळलं जातं. "कुठून सुरू झालं आणि आता कुठं आहे, एका बोटाने दाखव" म्हणा. "आधी बेंबीपाशी दुखून राह्यलं होतं, आता इकडं आलं" असं म्हणून बोट उजवीकडे गेलं तर अर्धं निदान तिथेच झालं. त्याचं कारणही सोपं: आतलं अपेंडिक्स ताणलं जातं तेव्हाची वेदना बेंबीभोवती उमटते. सूज बाहेरच्या आवरणाला लागली की वेदना जागेवर येते, ६ ते २४ तासांत. मग खोकायला सांगा. खोकताना हात आपोआप उजव्या कुशीवर गेला तर त्याची नोंद करा. आता डाव्या बाजूने सुरुवात करून हात घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत आणा, डोळे पोटावर नाही, चेहऱ्यावर. शेवटी नितंबाच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे रेघ ओढली तर बाहेरून एक तृतीयांश अंतरावर दाबा. पोर असेल तर खाली उतरवून उडी मारायला लावा. उडी मारून हसणाऱ्या पोराला अपेंडिक्स असणं अवघड.

अल्व्हाराडो गुणांकन (अपेंडिक्स असण्याची शक्यता गुणांनी मोजायची पद्धत) पाठ करून ठेवा, १९८६ पासूनचं आहे आणि नुसत्या रक्तगणनेवर जमतं. दुखणं सरकलं १, भूक गेली १, मळमळ-ओकारी १, उजव्या कुशीत दाबल्यावर दुखणं २, हात सोडताना दुखणं १, ताप १, पांढऱ्या पेशी १०,००० च्या वर २, त्यांतल्या न्यूट्रोफिल ७५ टक्क्यांच्या वर १. दहापैकी ७ किंवा जास्त आले की गाडी बोलवा. ५-६ ला दर सहा तासांनी पुन्हा हात लावा, शक्यतो त्याच माणसाने. ४ किंवा कमी असेल तर घरी, पण "दुखणं वाढलं, जागा बदलली, ताप आला तर रात्री दोनलाही या" असं सांगून. रक्त तपासणीची सोय नसेल तर उरलेले सात गुण तुमच्या हातात आहेत. त्यांतले चार-पाच आले तरी वाट बघू नका. सोनोग्राफीत अपेंडिक्स ६ मिलिमीटरपेक्षा जाड आणि दाबूनही न चपटणारं दिसलं तर पुरावा झाला. "अपेंडिक्स दिसलं नाही" असा रिपोर्ट आला तर त्याचा अर्थ दिसलं नाही एवढाच.

उशीर. पहिल्या ३६ तासांत फुटण्याचा धोका साधारण २ टक्क्यांपर्यंत असतो, पुढे दर १२ तासांना सुमारे ५ टक्क्यांची भर पडत जाते. लहान पोरांत आणि म्हाताऱ्यांत हे घड्याळ जोरात पळतं. आता आपलं कॅलेंडर या घड्याळाशेजारी ठेवा. जूनमध्ये पेरणी, जुलैत धानपट्ट्यात रोवणी, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, त्यानंतर कापूस वेचणी. या दिवसांत पोट दुखलं तर माणूस "आजचा दिवस काढू" म्हणतो, बाई तर दोन दिवस काढते. मग बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणं, एरंडेल, गरम पाण्याची पिशवी, काही भागांत पोटावर तापल्या विळ्याचे चटके. चोळणं आणि जुलाब यांनी सुजलेली भिंत फुटायला मदतच होते. पुरात नाले भरले की रस्ताच बंद. भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर पूल बुडवतो, मेळघाटातल्या आतल्या गावांची वाट तुटते. म्हणून जून ते सप्टेंबर तुमचा रेफर करण्याचा उंबरठा खाली आणा: कोरड्या दिवसांत ज्या ५-६ गुणांच्या पेशंटला तुम्ही रात्रभर ठेवून बघाल, त्याला आकाश भरून आलं असेल तर नाल्याच्या अलीकडे ठेवू नका. आशाताईंना एकच वाक्य शिकवा: बेंबीपासून उजवीकडे गेलेलं, सहा तास न थांबलेलं दुखणं म्हणजे फोन करायचा.

आणखी एक वाक्य घरच्यांसाठी. जोरात दुखत असलेलं पोट एकाएकी थांबलं तर आनंद करू नका. अपेंडिक्स फुटलं की आतला दाब सुटतो आणि तास-दोन तास बरं वाटतं. मग सगळं पोट धरतं.

पाठवायचं ठरलं की: तोंडाने अन्न बंद, तहान फारच असेल तर ओठ ओले करण्यापुरतं पाणी. शिरेत सुई, रिंगर लॅक्टेटचं सलाइन. मे महिन्यातला कोरडा पेशंट असेल तर प्रौढाला पहिले ५०० मिलिलिटर भरभर, मुलाला किलोला १० ते २० मिलिलिटर, आणि प्रौढाला लघवी किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर तरी होते आहे का हे बघा. हे उन्हाळ्यात का महत्त्वाचं? तालुक्याच्या ठिकाणी ऑपरेशन बहुधा कमरेतून भूल देऊन होतं, आणि अंगात पाणी नसलेल्या माणसाचा रक्तदाब त्या भुलीने धाडकन पडतो. पॅरासिटामॉल प्रौढाला १ ग्रॅम, मुलाला किलोला १५ मिलिग्रॅम द्या. वेदनाशामकाने निदान बिघडतं ही जुनी भीती सोडा, तपासणी मात्र आधी लिहून ठेवा. प्रवास लांबचा असेल आणि निदान जवळपास पक्कं असेल, तर ॲलर्जी विचारून प्रौढाला सेफ्ट्रायझोन १ ते २ ग्रॅम आणि मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम ही प्रतिजैविकं शिरेतून. चिठ्ठीवर चार गोष्टी: दुखणं कधी सुरू झालं, शेवटचं कधी खाल्लं, काय दिलं आणि किती वाजता, गुण किती. १०८ ला फोन करतानाच पुढच्या रुग्णालयात सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघंही आहेत ना, हे विचारा. एकच असेल तर पेशंट तिथून पुन्हा पुढे पाठवला जातो आणि सहा तास वाया जातात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारायला नातेवाइकांना सांगा, रेशन कार्ड आणि आधार बरोबर द्या.

चौथ्या-पाचव्या दिवशी आलेल्या पेशंटच्या कुशीत गोळा लागला आणि तब्येत बरी असेल, तर सर्जन लगेच कापत नाहीत. सगळं चिकटलेलं असतं, आतड्याला इजा होते. शिरेतून प्रतिजैविकं, गोळ्याच्या कडा पेनाने पोटावर आखून रोज मोजणं, नाडी आणि ताप. गोळा बसला तर सहा ते आठ आठवड्यांनी पुढचा विचार. चाळिशीपुढच्या माणसाच्या गोळ्यामागे कर्करोग किंवा क्षयरोग नाही ना, हे बघितल्याशिवाय फाइल बंद करायची नाही.

न फुटलेलं साधं अपेंडिक्स नुसत्या औषधांवर बरं करता येतं का, हेही हल्ली लोक विचारतात. येतं, पण परत येण्याचा हिशेब सांगून. अमेरिकेतल्या २०२० च्या चाचणीत औषधांवर ठेवलेल्यांपैकी ९० दिवसांत सुमारे २९ टक्के लोकांचं ऑपरेशन करावंच लागलं, आत मळाचा खडा दिसलेल्यांत ४१ टक्के. फिनलंडच्या अभ्यासात पाच वर्षांत साधारण ३९ टक्क्यांना ते परत झालं. नागपूर-अमरावतीत दवाखान्याशेजारी राहणाऱ्याला हा सौदा परवडेल. नाल्यापलीकडच्या गावातल्या माणसाने एप्रिलमध्ये औषधांवर बरं व्हायचं ठरवलं, तर ते ९० दिवस त्याला बरोबर जुलैच्या पुरात नेऊन सोडतात. त्याला मेमध्येच, रस्ता कोरडा असताना, काढून घ्यायला सांगा.